गाडीची मागची अक्षरं

४ मार्च, सोमवार

किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बाबांना ते माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. आणि आम्ही दोघं रोज त्याच डब्याशेजारी बसून चहा पितो!

आज बरोबर महिना झाला. खालच्या पार्किंगमध्ये गाडी खांबाला घासली, त्या दिवशी मी किल्ली काढून घेतली. "खांबच पुढे आलाय," म्हणाले होते. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या रंगवल्या, स्वतःच्या गाडीवर नखाएवढा ओरखडा येऊ दिला नाही — आणि आता खांब पुढे येतोय. हसू की रडू, कळेना.

दुपारी दादाचा फोन. तिकडे परदेशात बसून हुकूम सोडायला काय जातं! "छोटे, किल्ली परत द्यायची नाही. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय गाडी चालवायचं वय आहे?" इकडे बाबांचं एकच पालुपद. चोवीस तारखेला आत्या पंचाहत्तर वर्षांची होते, तिच्याकडे जायचं, गाडी स्वतः चालवत न्यायची, आणि एकट्यानं. तीन तासांचा रस्ता. बहिणीला शब्द दिलाय म्हणे.

म्हणजे वीस दिवसांत मला ठरवायचंय. दिली आणि काही झालं तर? नाही दिली तर? परवा म्हणाले, "किल्ली नाही तर मी म्हणजे या खुर्चीतलं गाठोडं." ते डोक्यातून जात नाही.

५ मार्च, मंगळवार

आज नवीनच टूम. सकाळी चहाचा घोट घेता घेता — "गाडीची मागची अक्षरं काढून टाक."

डिकीवर डावीकडे कंपनीचं नाव, उजवीकडे गाडीचं. चकचकीत, उठावाची अक्षरं. उजवीकडची दोन कधीच गळून पडलीत. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. पडलेल्या जागा भरणं हा माझा धंदाच. म्हटलं, "दोन नवी मागवते. कवळी बसवून टाकू."

"नको. सगळी काढ. मागून गुळगुळीत पाहिजे."

"का पण?"

"बहिणीच्या दारात बोळकी गाडी न्यायची का? आणि रंगाऱ्याची गाडी रंगावरनं ओळखली जावी. नाव कशाला?"

वर अट — हे काम मी करायचं. त्यांचे हात कापतात. ते खुर्ची टाकून बसणार आणि सांगणार. आणि रंगाला धक्का लागता कामा नये! जन्मभर घरात रंगाचा वास घेतला, पण बाबांनी मला कधी कामाला हात लावू दिला नव्हता. आता पन्नाशीत शिकवणी सुरू.

७ मार्च, गुरुवार

पहिला धडा. अक्षरांना हात लावायचाच नाही. आधी डिकी उघडायची आणि आतनं बघायचं.

"काही बिल्ले चिकटवलेले असतात, काहींना मागे खुंट्या असतात. खुंट्या पत्र्यातनं आरपार जातात. बाहेरनं ओढलंस की हातात बिल्ला आणि गाडीला भोकं!" मग कुणा एका हुशार माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं पुढचा गोल बिल्ला पेचकसानं उचकटला आणि मग बॉनेट अख्खं परत रंगवावं लागलं. गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. दर वेळी भोकं मोठी होतात.

डिकीचं आतलं अस्तर काढलं. टॉर्च मारला. खुंटी नाही. "नुसती टेप आहे," मी ओरडले. बाबांनी तरी आत हात घालून पत्रा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाचपला. माझ्यावर विश्वास नाही! पुढच्या गोल बिल्ल्याला मात्र दोन खुंट्या निघाल्या. तो राहू दे म्हणाले, समोरच्याला काय ओळखायचं ते ओळखू दे.

९ मार्च, शनिवार

सुट्टी. सकाळी आठ ते बारा खाली. आमच्याच खांबावर एक प्लग आहे, अख्ख्या पार्किंगमध्ये तेवढा एकच, म्हणून हेअर ड्रायर तिथे लावता आला.

आधी साबणाच्या पाण्यानं मागचा भाग धुतला. दोनदा. "धुळीचा एक कण राहिला आणि त्यावर दोरा ओढलास की झाला ओरखडा." कोरडं पुसलं. मग अक्षरांच्या वरनं-खालनं मास्किंग टेप लावली. मग ड्रायर. एका जागी धरायचा नाही, फिरवत राहायचा. किती तापवायचं? "हात ठेवता आला पाहिजे, पण ठेवावासा वाटायला नको." हे माप! आमच्या लॅबमध्ये सांगितलं तर साहेब वेडा होईल.

मग दोरा. बाबांच्या काळी मासे धरायची तंगूस वापरायचे. मी लॅबमधून दातांत फिरवायचा दोरा आणला होता. बाबा हसून हसून लाल. "गाडीचे दात काढतेस की घासतेस!" पण अक्षराच्या मागे दोरा घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढला आणि पहिलं अक्षर अलगद हातात आलं. मी लहान मुलीसारखी नाचले. खरंच नाचले. समोरच्या ब्लॉकमधले पोहण्याचे मास्तर गाडी काढत होते, त्यांनी बघितलं. बघू दे.

चार अक्षरं झाली. दर अक्षर निघालं की बाबा खुर्चीतनं उठत, डोळे मिटून त्या जागेवर तळवा फिरवत. "टेप डाव्या कडेला जास्त राहिलीय." बरोबर! लहानपणी पण असेच करायचे. कारखान्यात नवीन रंगवलेल्या दारावरनं डोळे मिटून हात फिरवायचे आणि कुठे दाणा आहे ते सांगायचे. मी विचारायचे, बघत का नाही? "उजेड बदलला की डोळ्यांना रंग बदललेला वाटतो. हाताला विचारायचं."

१० मार्च, रविवार

सगळी अक्षरं निघाली. रंगाला काही नाही! पण एक गाढवपणा झालाच असता.

अक्षरं निघाली तरी टेपचा काळा फोम आणि गोंद राहतो. अंगठ्यानं चोळून चोळून त्याच्या वळकट्या करून काढायच्या. तासभर केलं, अंगठा कामातून गेला. म्हटलं, शॉर्टकट मारू. वर जाऊन नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापसावर घेतली, वाकले —

"थांब!!"

खुर्ची दहा पावलांवर. तोंड दुसरीकडे. तरी नाकाला वास लागला! "रंग नेशील त्यानं! थिनरचाच भाऊ तो. फेक ती बाटली." मी इतकी दचकले की बाटली माझ्याच चपलेवर सांडली. चपलेचा रंग गेला. म्हणजे त्यांचं बरोबर होतं.

मग साधं खायचं तेल. फडक्यावर घेऊन गोंदावर ठेवायचं, दहा मिनिटं गप्प बसायचं. ते दहा मिनिटं गप्प बसणंच मला जमत नाही. बाबांना जमतं. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो. आईबद्दल बोलले. ती गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा आपणहून. म्हणाले, "तिला या गाडीचा राखाडी आवडायचा नाही. पावसाळी ढग आणलाय दारात, म्हणायची." गोंद मऊ झाला होता, तो पुसला.

११ मार्च, सोमवार

अंगठ्याला फोड. लॅबमध्ये दोन कवळ्या वाकड्या झाल्या. साहेबांना म्हटलं, गाडीचे दात काढत होते. ते काही हसले नाहीत.

१३ मार्च, बुधवार

दादाशी वाजलं. "डोळे तपासलेस का त्यांचे?" अरे बाबा, तू तपास ना येऊन! मी तीनदा विषय काढला. दर वेळी एकच — "नंबर तोच आहे. डॉक्टरला दुकान चालवायचंय." अडून बसले की बसले. आईलाही कधी हलले नाहीत, मला काय हलणार.

दादाच्या बोलण्यानं मात्र मनात भुंगा सुटला. पेपर हल्ली मलाच वाचून दाखवायला लावतात. विचारलं तर "रोज त्याच बातम्या, डोळे कशाला शिणवू?" हे मला पटतं, मी स्वतःही पेपर वाचत नसते. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवतात, त्यावरनं मी कालच ओरडले, घाणेरडी सवय म्हणून. खांबाचं तर आहेच.

पण दुसरीकडे बघावं तर घरात कुठे अडखळत नाहीत. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे एकटे जाऊन येतात. गाडीवरचा केसाएवढा दोष सांगतात! मला दिसत नाही ते त्यांना कळतं.

मग एक विचार आला. डॉक्टर नको ना? ठीक. परीक्षा मी घेते. त्यांच्याच विषयात. त्यांना न सांगता. पास झाले तर किल्ली देईन, मग दादा काय वाटेल ते बोलो. नापास झाले तर शिवणाचा डबा कपाटात कुलपात. हे ठरवलं आणि जरा बरं वाटलं.

१६ मार्च, शनिवार

गोंद गेला. पण अक्षरं गेली नाहीत!

धुऊन पुसून लांबनं बघितलं तर सगळं नाव जिथल्या तिथे. इतकी वर्षं भोवतालचा रंग उन्हानं उतरला आणि अक्षरांच्या खालचा कोरा राहिला. गडद राखाडी अक्षरं फिक्या राखाडीवर. गेलेली दोन अक्षरंसुद्धा, जरा पुसट. म्हणजे इतका खटाटोप करून गाडीला नाव ते आहेच. मी तिथेच डोक्याला हात लावून बसले.

"छाया राहते," बाबा म्हणाले. "राहणारच. रबिंग मार." रबिंग म्हणजे ती मलमासारखी पेस्ट, तिनं वरचा मेलेला थर घासला जातो. ओल्या फडक्यावर वाटाण्याएवढी घ्यायची, लहान लहान गोल, एका जागी रेंगाळायचं नाही. कडेला तर अजिबात नाही, कडेला रंग सगळ्यात पातळ असतो. मग पुसायचं, बघायचं, पुन्हा. "जितकी घाई तितका रंग पातळ."

दोन तास घासलं. छाया अर्धी झाली. दंड भरून आलेत, पेन धरवत नाही. पण सांगू का, मजा येतेय. बाबांनी आज माझ्या मनगटावर हात ठेवून गोल कसा काढायचा ते दाखवलं. त्यांचा हात कापत होता, पण गोल गोलच निघत होता.

१७ मार्च, रविवार

परीक्षा घेतली.

बाबा खाली यायच्या आधी मी डिकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गोंदाचा एक कण लावला. मोहरीएवढाही नाही. पारदर्शक. मी स्वतः लावला तरी दोन पावलं मागे गेल्यावर मलाच सापडेना! चष्मा लावून शोधला.

बाबा आले. मी म्हटलं, "बघा बरं, झालं का." वाटलं, किती नीच आहेस तू, बापाला फसवतेस.

त्यांनी डोळे मिटले, नेहमीसारखे. तळवा डावीकडनं सुरू केला. मधे आला. उजवीकडे गेला. खाली — आणि थांबला. करंगळीच्या नखानं टक्कन कण उडवला. "हे काय ठेवलंस इथे? काम करताना लक्ष कुठे असतं?"

मी गळ्यात पडले. त्यांना कळेना काय झालं. "अगं, एका कणासाठी काय रडतेस चिमणे, मोठमोठ्या कारागिरांचे राहतात!"

पास! पैकीच्या पैकी! दादाला आत्ता सांगणार नाही, शुक्रवारी सांगेन.

१९ मार्च, मंगळवार

लॅबमधून लवकर आले. पार्किंगच्या जाळीतनं तिरका उजेड येत होता. त्यात छाया पुन्हा दिसली. फार पुसट, पण कंपनीच्या नावाचं पहिलं अक्षर अगदी वाचता येतं.

बाबांना खाली आणलं. "अजून दिसतंय ना?" त्यांनी हात फिरवला. "कुठे काय? साफ झालंय. उगीच आणखी घासू नकोस."

गंमत वाटली. माझे बाबा, आणि छाया सोडून देतात? हेच बाबा, एकदा दार सातव्यांदा रंगवलं होतं, का तर दुपारी चारच्या उन्हात छटा जुळत नव्हती म्हणून! गिऱ्हाईक हात जोडत होतं, द्या हो आता. वय झालं, तसा माणूस सोडायला शिकतो, असं म्हणायचं झालं. मलाही बरंच. दंड सुटले.

मी एकटीनं परत थोडं घासलं. गेली बहुतेक.

२१ मार्च, गुरुवार

पोहण्याचे मास्तर जिन्यात भेटले. "ताई, तुमच्या गाडीची पाठ काय सुंदर झालीय हो! मी दोन दिवस बघतोय. माझ्या गाडीचं पण करून द्याल?" त्यांची गाडी आमच्याच कंपनीची, त्याच मापाची, नुसता रंग वेगळा. हिरवी. ती दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा बाबांनी वरच्या खिडकीतनं बघून नाक मुरडलं होतं — "हा कसला हिरवा! शेवाळ्यावर पाय घसरला की असा दिसतो." मास्तरांच्या कानावर गेलं नाही हे नशीब.

मी हो म्हणून बसले. फुशारकी, दुसरं काय! इतक्या वर्षांत कुणी माझ्या कवळ्यांना सुंदर म्हटलं नव्हतं.

बाबांना सांगितलं नाही. एकटीनं करून दाखवायचं, मग त्यांचा हात त्या गाडीवर ठेवायचा आणि विचारायचं, सांगा कुणाचं काम? आत्याकडून परत आले की.

२२ मार्च, शुक्रवार

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं, "नाही, मी रंगाऱ्याची मुलगी आहे. तूही रंगाऱ्याचाच मुलगा होतास, विसरलास." फार लागेल असं बोलले. त्यानं फोन ठेवला.

बरोबर करतेय ना मी? तीन तासांचा रस्ता आहे. ट्रक आहेत, वळणं आहेत. मला भीती वाटते. आई गेल्यावर हेच एक माणूस उरलंय मला. पण दहा वर्षं खुर्चीत बसवून जपलं, तर ते जपलेलं काय असेल? गेल्या वीस दिवसांत मी बाबांना जेवढं हसताना पाहिलं तेवढं सहा वर्षांत नाही. आणि परीक्षा घेतली आहे. कण सापडला आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं, "रविवारी किल्ली मिळेल." नुसती मान हलवली. मग विचारलं, "मागनं गुळगुळीत आहे ना अजून? दुसरं काही चिकटवलं नाहीस ना?" म्हटलं, आता काय लेबल चिकटवणार मी! "तेवढं बघ," म्हणाले.

२३ मार्च, शनिवार

बाबा दाढी-केस करायला न्हाव्याकडे गेले. उद्यासाठी. तिथे गप्पा झाल्या की दोन-अडीच तासांची निश्चिंती.

लगेच मास्तरांची गाडी घेतली. प्लग आमच्या खांबावर, म्हणून त्यांची गाडी आमच्या जागेवर घेतली आणि आमची त्यांच्या जागेवर लावली. आतनं बघितलं, खुंटी नाही. धुतलं, तापवलं, दोरा. दोन तासांत सगळी अक्षरं काढली, गोंदसुद्धा! गाडी नवी, त्यामुळे छाया जवळजवळ नाहीच. एक ओरखडा नाही. बाबांच्या वीस दिवसांच्या शिकवणीचं चीज झालं. मास्तर गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले, मग शिकवणीला उशीर झाला म्हणून रिक्षात बसून पळाले. गाड्या संध्याकाळी बदलू म्हणाले. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे आले, राहिलंच. बाबांना सकाळी सांगायला हवं, गाडी पलीकडच्या जागेवर आहे. त्यात काय, समोर दिसेलच.

बाबांचा सदरा इस्त्री केला. आत्यासाठी शाल कागदात बांधली. किल्ली डब्यातून काढून टेबलावर ठेवलीय. जाता-येता त्यांचा हात तिच्यावर जातो.

२४ मार्च, रविवार

आत्याकडे आहोत. गाडी मी चालवली.

सकाळी सात वाजता किल्ली घेऊन बाबा खाली गेले. गाडी पलीकडे आहे हे सांगायचं मी विसरले, आणि ते पाण्याची बाटली विसरले. ती घेऊन मी मागोमाग उतरले.

बाबा आमच्या जागेवर उभे होते. गाडीच्या मागच्या बाजूनं तळवा फिरवला, डावीकडनं उजवीकडे. मान डोलावली. दाराशी गेले, चाचपून किल्ली लावली. फिरेना. काढली, सदऱ्याला पुसली, परत लावली.

मास्तरांची गाडी. हिरवी. हातभर अंतरावर होते तिच्यापासून!

बाटली माझ्या हातून सुटली आणि घरंगळत लांब गेली. बाबा बाटलीच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "चिमणे? किल्ली बिघडली गं."

मी जाऊन हात धरला. "बाबा, ही आपली नाही."

ते म्हणाले, "फाटकापर्यंतच नेणार होतो. तेवढं पाठ आहे. पुढे तुला हाक मारणार होतो." मला रडू आवरेना. त्यांनी परत मागे जाऊन त्या गाडीवरनं हात फिरवला, अगदी सावकाश, एकेका अक्षराच्या जागेवरनं.

"सगळ्या पार्किंगमध्ये आपली एकटीच गुळगुळीत करून घेतली होती मी. ही दुसरी कुठून आली?"

"मीच केली, बाबा."